शेडताईंची दुसरी ओळ

क्षमाशील माणसं चांगली असतात, पण त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. शेडताईंबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, कारण त्यांनी आयुष्यात कुणाला काही माफ केल्याचं मला तरी माहीत नाही. शाळेत आपल्याला बाकावरून ढकलणाऱ्या मुलीच्या रिबिनीचा रंग कोणता होता आणि धुऊन धुऊन तो किती उतरला होता, हे त्या पन्नाशीतही सांगायच्या. बाईंचा डूख वाईट, असं कारखान्यातले लोक म्हणायचे. मी म्हणायचो, असाच पाहिजे. मी तापट आहे, पण माझा राग टिकत नाही. दूध उतू जातं तसा येतो आणि गॅस बंद केला की खाली बसतो. म्हणून वर्षानुवर्षं मंद आचेवर राग ठेवणाऱ्या या बाईचं मला भारी कौतुक होतं.

आमच्या कारखान्यात शिवणाचा धागा रंगवतात. खाली वाफेची मोठाली पिंपं, ओली फरशी, रबरी बूट. लोखंडी जिना चढून वर आलं की लॅब. लॅबमध्ये उत्तरेकडे एक खिडकी, रंग मोजायचं एक यंत्र, त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात माझा वजनकाटा. रेसिपीप्रमाणे रंगाच्या पावडरी मोजून देणं हे माझं काम, म्हणून मी वजनवाला. ग्राहकाने आणलेल्या चिंधीला जुळेल असा रंग बसवणं हे त्यांचं काम, म्हणून त्या शेडताई. त्या मला भाऊ म्हणायच्या. अकरा वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला.

काळा रंग लोकांना सोपा वाटतो. करून बघा म्हणावं. ट्यूबखाली काळाकुट्ट दिसणारा धागा उन्हात नेला की हिरवट मारतो, नाहीतर लालसर. शेडताईंनी एकसष्ट नमुने खिडकीतून परत आणून केराच्या टोपलीत टाकले. बासष्टावा उन्हात नेला, बल्बखाली नेला, ट्यूबखाली नेला, पाण्यात बुडवून नेला. काळाच. आम्ही त्याचं नाव कावळा ठेवलं. कॉम्प्युटरमध्ये त्याची रेसिपी नोंदली गेली तेव्हा खाली ऑपरेटरचा नंबर पडला, ०७. सात म्हणजे शेडताई. त्यांच्या दोनशे बारा शेड होत्या आणि प्रत्येकीखाली सात होता, पण कावळ्याखालचा सात त्यांनी बोटाने पुसून पाहिला, जसा काही काचेवर काढलाय.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. रंग मोजायचा प्रोग्राम विंडोजवरच चालायचा. एकदा वीज गेली आणि विंडोज उघडेचना. तीन दिवस पिंपं थंड पडली. दुरुस्तीवाला आला, त्याने ते कसंबसं सुरू केलं आणि त्याच डिस्कच्या अर्ध्या भागात विंडोजसारखंच दुसरं एक, लिनक्स, बसवून दिलं. तेव्हापासून बटण दाबलं की आधी एक काळं पान यायचं, त्यावर दोन ओळी. पहिली विंडोज, दुसरी लिनक्स. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर आपोआप विंडोज.

"दोन दोन कशाला?" शेडताईंनी विचारलं होतं.

"ताई, ज्या चटईवर आपण बसलोय तीच चटई आपल्याला उचलता येते का? आधी उठावं लागतं," दुरुस्तीवाला म्हणाला. "दुसऱ्या ओळीवर जायचं, म्हणजे विंडोज झोपलेलं असतं. मग त्याची जशीच्या तशी कॉपी या बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. बिघडलं की तीच कॉपी परत बसवायची. फक्त एक ध्यानात ठेवा. ज्या दिवसाची कॉपी, तो दिवस परत येतो. त्यानंतरचं सगळं जातं."

शेडताईंनी मान डोलावली. हे तत्त्व त्यांना नवीन नव्हतंच, त्यांचं डोकं तसंच चालायचं. मग त्या अधूनमधून कॉपी घ्यायला लागल्या. कधी दोन महिन्यांनी, कधी आठवड्यातच. कशावरून दिवस ठरवायच्या ते मला कळत नसे. कॉपीला नाव द्यावं लागे, आणि नाव टाइप करताना त्या जरा जास्तच वेळ घ्यायच्या. मला वाटायचं, तारीख टाकत असतील.

दुसऱ्या ओळीचा भाग हळूहळू त्यांचा स्वतःचा झाला. खिडकीच्या उजेडात काढलेले नमुन्यांचे फोटो, कुठल्या पावसाळी दिवशी कुठला रंग कसा दिसला याची टिपणं, सगळं तिथे. ते त्या कुणाला दाखवत नसत.

आणि मग आमचे मॅनेजर साहेब. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण यांच्यासाठीच झाली असावी. नेव्ही ब्लू आणि काळा शेजारी ठेवले तर यांना फरक कळायचा नाही, पण बोलणं असं की इंद्रधनुष्य यांनीच बसवलंय. कावळ्याला रंगवाल्यांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. ते घ्यायला साहेब गेले, फोटोत साहेब आले. नंतर एका शुक्रवारी मालक लॅबमध्ये आले. शेडताई खाली पिंपांकडे गेल्या होत्या.

"हा काळा नेमका कुणी बसवला?" मालकांनी विचारलं.

"मीच बसवला," साहेब म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो?"

मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नुसती मान हलवली. माझ्या मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि साहेब माझ्याकडेच बघत होते. अशा वेळी मान आपोआप हलते. शेडताई जिन्यावर होत्या की नव्हत्या ते मी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी कॉपी घेतली, एवढं आठवतं.

सोमवारी त्यांची बदली पॅकिंगमध्ये झाली. "अनुभवी माणूस पाहिजे तिकडे," साहेब म्हणाले. लॅबच्या दारावर पाटी लागली: मॅनेजरच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरला कुणीही हात लावू नये. आठवड्याभरात साहेबांनी प्रोग्राममध्ये जाऊन सगळे ०७ एका फटक्यात ०१ करून टाकले. एक म्हणजे साहेब.

आणि यातला खरा विष कालवलेला भाग ऐका. प्रत्येक खोक्यावर शेडचं लेबल लागतं, आणि लेबलावर ऑपरेटरचा नंबर छापलेला असतो. पॅकिंगमध्ये शेडताईंचं काम काय, तर ती लेबलं चिकटवणं. सात महिने त्यांनी स्वतःच्या कावळ्यावर रोज स्वतःच्या हाताने साहेबांचा ०१ चिकटवला. डबा आम्ही अजून एकत्रच खायचो. एकदा मी विचारलं, "ताई, सहन कसं होतं?" त्या म्हणाल्या, "भाऊ, मला दुसरं काही नको. कावळ्याखाली सात परत यायला हवा. आणि तो यांच्याच हाताने यायला हवा." मी म्हटलं, "येईल, येईल." मनात म्हटलं, देव करो आणि मला तो दिवस बघायला मिळो. साहेबांचं नाक फरशीला घासलेलं बघण्यासाठी मी पगारी रजा सोडली असती.

प्रत्येक मॅनेजरला कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा एक मेहुणा असतो. आमच्या साहेबांचा शनिवारी दुपारी आला.

"दाजी, ही दुसरी ओळ कसली? अर्धी डिस्क खाऊन बसलीये," तो म्हणाला.

"त्या बाईंचं काहीतरी असेल. उडव," साहेब म्हणाले.

त्याने विंडोजमधूनच तो भाग पुसला, मोकळी झालेली जागा विंडोजला जोडली, हात झटकले आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळं पान आलं. त्यावर एकही ओळ नाही, नुसतं काहीतरी इंग्रजी आणि लुकलुकणारी रेघ. दोन्ही ओळी दाखवणारं ते पान शेडताईंच्या अर्ध्यात राहत होतं, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. विंडोजचा रस्ता शेडताईंच्या दारावरून जात होता. दारच पाडलं.

तिथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण मेहुणा थांबतो थोडाच? दुरुस्ती म्हणून त्याने विंडोजची सीडी घातली, जे विचारेल त्याला हो म्हणत गेला आणि सगळं पुसून कोरं विंडोज बसवलं. नवं घर तयार, आत भांडं ना कुंडं. प्रोग्राम नाही, शेड नाहीत, कावळा नाही. सोमवारी अकरा वाजता मालक सगळ्यात मोठ्या ग्राहक बाईंना घेऊन येणार होते. त्यांना कावळ्याची छापील रेसिपी आणि चाचणीचा कागद हवा होता. साहेबांचा चेहरा शिळ्या पिठासारखा झाला. मी वजनकाटा पुसत बसलो होतो. तोच तोच पुसत होतो, कारण मान वर केली असती तर हसू दिसलं असतं.

सोमवारी सकाळी अडला हरी पॅकिंगमध्ये गेला, आणि काहीतरी निमित्त काढून मागोमाग मीही. शेडताई लेबलं चिकटवत होत्या. साहेबांनी सगळं सांगितलं, अर्थात मेहुण्याला वगळून. 'कॉम्प्युटरने आपोआप' वगैरे.

"माझी ओळ?" शेडताईंनी विचारलं.

"अं?"

"दुसरी ओळ. त्यात माझे फोटो होते."

"ते... गेलं बहुतेक. त्याची कॉपी असेलच ना तुमच्याकडे?"

नव्हती. विंडोजची, म्हणजे कारखान्याची, म्हणजे साहेबांच्या कामाची त्यांनी सहा वेळा कॉपी घेतली होती. स्वतःच्या अर्ध्याची एकदाही नाही. दिव्याखाली अंधार. शेडताईंनी हातातलं लेबल चिकटवलं, अंगठ्याने कडा दाबल्या आणि उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या वेळी जे दिसलं त्याला मी दुःख म्हणणार नाही. हिशोब वाढला होता.

वर येऊन त्यांनी कपाटातला रंगाच्या कार्डांचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी बाहेरची डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह, दुरुस्तीवाल्याने अडीअडचणीला लिनक्स भरून दिलेला. दोन्ही साहेबांपुढे ठेवून त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"करा ना सुरू," साहेब म्हणाले.

"पाटी आहे, साहेब. हात कसा लावू? मी सांगते, तुम्ही दाबा."

"अहो, परवानगी आहे!"

"तोंडी परवानगीवर माझा विश्वास नाही. शिवाय जे काही आहे ते पुसून जाणार. उद्या म्हणाल, बाईंनी पुसलं. तुमच्याच हाताने होऊ दे."

साहेब बसले. त्या सांगत गेल्या, ते जोडत आणि दाबत गेले. पेन ड्राइव्हवरून लिनक्स उघडलं. बाहेरची डिस्क निवडली. आणि नेमके तेव्हाच जिन्यावर बूट वाजले. मालक पंधरा मिनिटं आधीच आले होते, मागोमाग ग्राहक बाई. दोघं साहेबांच्या खुर्चीमागे उभे राहिले. स्क्रीनवर कॉपींची यादी आली.

तारखा नव्हत्या. इंग्रजी अक्षरांत मराठी, शब्दांच्या मध्ये रेघा, अक्षरांच्या क्रमाने लावलेली सहा नावं. साहेब बघत राहिले.

"वाचा ना," मालक म्हणाले. "आपल्याला कुठली पाहिजे?"

साहेबांनी पहिली वाचली. चाचरत वाचली, कारण आपण काय वाचतोय ते शब्द संपल्यावरच कळत होतं. "आई... आयसीयूत... रजा... नाही."

 मला तो दिवस आठवला. शेडताईंची आई दवाखान्यात होती आणि साहेब म्हणाले होते, डॉक्टर आहेत ना तिथे, तुम्ही जाऊन काय रंग बसवणार? त्या संध्याकाळी शेडताईंनी कॉपी घेतली होती. आत्ता मला कळलं की त्या दिवस कसा ठरवायच्या. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. वाच लेका, म्हटलं. सगळं वाच. मालकांसमोर वाच.

"भाऊंची... मान... हलली," साहेबांनी दुसरी वाचली. "हे काय आहे? भाऊ कोण?"

 माझ्या हातात वजनकाट्याचं झाकण होतं, ते मी खाली ठेवलं. शेडताई स्क्रीनकडे बघत होत्या.

साहेब पुढे गेले. "चहा ताईच आणतील." "डोळा कशाला, यंत्र आहे." "खुर्ची काढली." "फोटो त्यांचा." प्रत्येक नावाला त्यांचा आवाज एकेक पायरी उतरत गेला. यातल्या प्रत्येक दिवशी मी लॅबमध्ये हजर होतो आणि एरवी ही यादी ऐकताना मी मांडीवर थाप मारली असती. पण चहा, खुर्ची, फोटो यातलं मला त्या वेळी काही ऐकू येत नव्हतं. मी दुसऱ्या ओळीवरच अडकलो होतो. वाटत होतं, असेल दुसरा कुणी भाऊ. कारखान्यात भाऊ काय एक आहे?

"यातली सगळ्यात शेवटची कुठली?" मालकांनी विचारलं.

"दुसरी," शेडताई म्हणाल्या.

साहेबांनी दुसरी निवडली. कॉम्प्युटरने विचारलं, आत्ता आहे ते सगळं पुसलं जाईल, नक्की? साहेबांनी हो दाबलं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा हो दाबलं. पट्टी सरकू लागली, सत्तेचाळीस मिनिटं दाखवत होती.

"सात महिन्यांत मी अकरा शेड टाकल्यात," साहेबांना एकदम आठवलं. "त्या?"

"गेल्या," शेडताई म्हणाल्या. "ज्या दिवसाची कॉपी, तो दिवस येतो." मग ग्राहक बाईंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्याल का?" आणि साहेबांकडे नुसतं पाहिलं. साहेब उठले, जिना उतरले आणि स्वतः चहा घेऊन आले. ट्रेमध्ये पाच कप होते. मी माझा प्यायलो नाही.

सत्तेचाळीस मिनिटं मी उभाच होतो. मला शेडताईंना पुष्कळ सांगायचं होतं. मुलीचं कॉलेज, साहेबांची नजर, मी हो म्हणालो नव्हतो, नुसती मान. पण हे सगळं मी सात महिने रोज डबा खाताना सांगू शकलो असतो. त्या रोज भाऊ, भाऊ करत लोणच्याची फोड माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवत होत्या आणि मी ती खात होतो.

पट्टी संपली. पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. विंडोज उघडलं, त्या शुक्रवारसारखंच. प्रोग्राम होता तिथे, शेड होत्या तिथे. साहेबांनी कावळा काढला आणि छापला. कागद मालकांच्या हातात गेला. ग्राहक बाईंनी वाकून पाहिलं आणि खाली बोट ठेवलं.

"ऑपरेटर ०७," त्या म्हणाल्या. "हे कोण?"

साहेब खिडकीकडे बघायला लागले. मालकांनी मान वर केली आणि सात महिन्यांपूर्वी पाहिलं होतं तसं थेट माझ्याकडे पाहिलं. "काय हो?"

या वेळी मी तयार होतो. सगळं सांगणार होतो, नोकरी गेली खड्ड्यात. "मालक, हा रंग..." मी सुरुवात केली.

"त्यांना कशाला विचारता?" शेडताई शांतपणे म्हणाल्या. "कागदावर आहे की. सात नंबर मी."

 माझ्या साक्षीची आता कुणालाच गरज नव्हती.

शेडताई लॅबमध्ये परत आल्या. पाटी साहेबांनी आपल्या हाताने काढली, खुर्ची आपल्या हाताने आणली. साहेबांची नोकरी गेली नाही. त्या जातीच्या माणसांची जात नाही. आपल्या हरवलेल्या अकरा शेडच्या चिंध्या घेऊन ते शेडताईंच्या टेबलाशी उभे राहायचे आणि त्या म्हणायच्या, "ठेवा, बघते." महिन्याला एक बघायच्या. अकरावी परवा झाली.

दुरुस्तीवाल्याने दुसरी ओळ पुन्हा बसवून दिली आहे. शेडताई आता दोन्ही ओळींची कॉपी घेतात आणि नावाच्या जागी सरळ तारीख टाकतात. बाहेरची डिस्क भरत आली, तेव्हा जागा करायला जुनी नावं पुसायला लागल्या. आधी खुर्ची गेली, मग चहा, मग डोळा, मग फोटो. शेवटी आईची. ती पुसताना थोडा वेळ थांबल्या, पण पुसली. साहेबांचं आता त्या डिस्कवर काही उरलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी जागा पुन्हा कमी पडली. मी शेजारीच होतो. यादीत वरपासून खालपर्यंत तारखा, आणि सगळ्यांत शेवटी एकच मराठी ओळ. मी धीर केला.

"ताई, ही एवढी जुनी झाली आता. ही पुसली तर?"

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पावडरीचं वजन बरोबर आहे का ते बघतात तसं.

"बसवून बघितलेली ही एकच कॉपी आहे," त्या म्हणाल्या. "चालते हे सिद्ध झालंय. अशी कॉपी कुणी पुसतं का, वजनवाले?"

आणि त्यांनी एक तारीख पुसली.